एकवीस फळ्या

नवे घर पाहायला आलेला माणूस आधी वर पाहतो. छत किती उंच आहे, पंखा कुठे लावला आहे, दिवे कसे बसवले आहेत, हे तो मान मागे टाकून न्याहाळतो. मग भिंतीवरून हात फिरवतो, खिडकीतून डोकावतो आणि 'छान झालं हो घर!' असे म्हणून चहाच्या कपाकडे वळतो. ज्या जमिनीवर उभा राहून तो हे सारे करीत असतो, तिच्याकडे त्याचे लक्षही नसते. जमिनीचे दैवच तसे आहे. तिच्यात खोट असली तरच ती दिसते. पाय घसरला, ठेच लागली, पाणी साचले, की मग माणूस खाली पाहतो.

आपल्या भाषेत शेतातल्या जमिनीला आणि घरातल्या जमिनीला एकच शब्द आहे. शेतातल्या जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. घरातल्या जमिनीचा सात-बारा निघत नाही, म्हणून तिच्यावरून भांडणे होत नसावीत, असे मी समजत होतो. दोन वर्षांपूर्वी परभणीत घर बांधायला काढले आणि हा समज गेला.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी आमच्या गावाची म्हण आहे. मास्तराच्या पगारावर घर बांधायला निघालेल्या माणसाला अशाच एखाद्या म्हणीचा आधार लागतो. खाली बैठक, स्वयंपाकघर, आमची खोली आणि आईची खोली. वर एकच खोली, माझी लिहिण्याची. एवढाच पसारा. खालच्या जमिनीचा निकाल सौ.ने एका वाक्यात लावून टाकला होता. स्वयंपाकघरात आणि पडवीत शहाबादी, बैठकीत मुलीला हवी तशी चकचकीत फरशी. शहाबादीवर आमच्या मुलखाचा जीव आहे. शहाबाद आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात असले, तरी एके काळी तेही आणि आम्हीही निजामाच्याच राज्यात होतो. राज्य गेले, सरहद्दी बदलल्या. ती करडी, गार फरशी मात्र आमच्या पायांखालून हलली नाही.

वरच्या खोलीला मात्र लाकडाची जमीन हवी, असे मी जाहीर केले.

"लाकडाची?" सौ. म्हणाली, "आणि ती पुसायची कुणी?"

"लाकडाला काय पुसायचं? झटकलं की झालं!" मी हसून म्हणालो.

हे वाक्य वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावे. मी ते विसरलो होतो.

लाकडाचे वेड मला लहानपणापासूनचे. गंगाखेडच्या पुढे, गंगाथडीला आमचे गाव. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. तिथे आजोबांनी 1951 साली बांधलेला चार खणांचा वाडा होता. दगडमातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर माळवद. आणि मधल्या दोन खणांवर माडी. माडीची जमीन म्हणजे सव्वा इंच जाडीच्या, नऊ इंच रुंदीच्या छत्तीस फळ्या. जिना चढून गेले की तिसरी फळी वाजे. कुर्र! हा आवाज मला फार आवडायचा. आजोबा पहाटे उठले की ती वाजे, पाहुणे आले की वाजे, आणि रात्री कंदिलाजवळ चोरून कादंबरी वाचताना वडील वर येऊ लागले तर तीच मला सावध करी. माझ्या वाचनाला पहिले उत्तेजन त्या फळीने दिले, असे म्हटले तरी चालेल. लेखकाच्या खोलीला लाकडाची जमीन हवी, ही कल्पना मनात रुजली ती तेव्हाच.

ही कल्पना घेऊन मी वसमत रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. दुकानातला तरुण मोठा अगत्यशील होता. त्याने विचारले, "सर, लॅमिनेट पाहिजे, इंजिनिअर्ड पाहिजे, की सॉलिड?"

लाकूड म्हणजे लाकूड, एवढेच मला ठाऊक होते. त्याने मला शिष्य करून घेतले. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा बारीक भुगा डिंकात दाबून केलेला पत्रा. त्यावर लाकडाच्या रेषांचे छापील चित्र आणि चित्रावर काचेसारखा कठीण, पारदर्शक थर. स्वीडनमध्ये 1977 साली ही युक्ती निघाली. स्वस्त, चटकन ओरखडा न पडणारी, फळीत फळी अडकवून एका दिवसात खोली पुरी होते. पण सांध्यातून पाणी आत गेले की भुगा फुगतो, आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. त्यावर रंधाही मारता येत नाही. रंधा मारला तर चित्रच निघून जायचे! इंजिनिअर्ड म्हणजे खाली एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले पातळ थर आणि वर दोन-चार मिलिमीटरचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा. थर आडवे-उभे असल्यामुळे एक हलू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. एक-दोनदा घासून नवे करता येते. आणि सॉलिड म्हणजे अखंड लाकूड. त्याला कितीदाही घासा. पिढीनंतर पिढी नवे होत राहते. मात्र ते ऋतूप्रमाणे हलते आणि त्याच्या किमतीने माणूसही हलतो.

हे सगळे नमुने भिंतीवर उभे चिकटवले होते. जमीन म्हणून विकायची वस्तू भिंतीवर टांगलेली पाहून मला गंमत वाटली. "यावर जरा उभं राहता येईल का?" मी विचारले. बिचाऱ्याने तीन नमुने काढून खाली मांडले. मी चपला काढून तिन्हींवर आळीपाळीने उभा राहिलो. खरे सांगायचे तर माझ्या तळपायांना काहीच फरक कळला नाही. बोटाने ठोकून पाहिले तेव्हा लॅमिनेट जरा पोकळ बोलले, एवढेच. फरशीपेक्षा मात्र तिन्ही ऊबदार वाटली. वर्गात मी मुलांना हे दर हिवाळ्यात शिकवतो. एकाच खोलीतली फरशी आणि पाट यांचे तापमान एकच असते; फरशी पायाची ऊब भरभर ओढून घेते, लाकूड ती पायातच राहू देते. शिकवताना मी पाटाचे उदाहरण देतो. आपले पूर्वज थंडीत अभ्यंगाला पाटावर बसत, ते काही उगीच नव्हे.

घरी येऊन मी आमच्या सुतारमिस्त्रींना सगळे सांगितले. साठी उलटलेला माणूस. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, एक ध्यानात ठेवा. लाकूड मेलं तरी पाणी प्यायचं सोडत नाही."

मग त्यांनी मला दुसरा पाठ दिला. हवेत ओल आली की लाकूड ती पिऊन फुगते, हवा कोरडी झाली की आकसते. लांबीत फारसे नाही, रुंदीत. आमच्याकडे वैशाखात अंगाची लाही होते आणि श्रावणात भिंतींना घाम फुटतो. म्हणून वैशाखात फळ्याफळ्यांत फट दिसणार आणि श्रावणात ती मिटणार. ज्याला फट बघवत नाही त्याने लाकडाच्या नादी लागू नये. भिंतीपाशी चहूकडून अर्धा इंच जागा सोडायची. नाही सोडली तर पावसाळ्यात फळ्या एकमेकींना रेटून मधेच पाठ उचलतात. आणि लाकूड निवडायचे म्हणजे नुसते नाव विचारायचे नाही. बाभूळ कठीण, पण ती गाडीला आणि औताला. तिची सरळ फळी मिळणे मुश्किल. लिंब वळतो. आंबा स्वस्त, पण त्याला किडा लवकर लागतो. सागवानाच्या गाभ्यात तेल असते म्हणून वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण त्याच सागवानाच्या कडेचे पांढरे लाकूड घेतले तर ती ते बिस्किटासारखे खाते. "सागवान म्हणून पांढरंच गळ्यात मारतात लोक," मिस्त्री म्हणाले, "आणि माणूस नावावर खूश!"

बोलता बोलता त्यांनी सहज विचारले, "तुमच्या गावाकडच्या माडीच्या फळ्या कुठं आहेत?"

मी चमकलो. माझ्या डोक्यात हे कसे आले नाही?

ते सागवान किनवटच्या जंगलातले. किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे. 1956 पूर्वी तो तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. सागवानाचा टिकाऊपणा मी पुस्तकांतून पुष्कळ वाचला होता. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली मलबारच्या सागवानाचे एक लढाऊ जहाज बांधले, 'ट्रिंकोमाली' नावाचे. ते इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगत आहे. शनिवारवाड्याला जुन्नरच्या जंगलातले सागवान आणले होते. त्याचे लाकडी मजले वाळवीने खाल्ले नाहीत, पाण्याने कुजवले नाहीत, 1828 च्या आगीने नेले. 2023 साली दिल्लीत नवे संसदभवन उभे राहिले, त्यातही नागपूरचे सागवान आहे. एवढे सगळे मला माहीत. आणि आपल्याच घरच्या छत्तीस फळ्या मी विसरलो होतो.

विसरायला कारणही होते. वाडा आता पडायला टेकला होता. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपले होते आणि चारच्या सुमारास धरणी हलली. आमच्याकडे भांडी वाजली, भिंतीला एक चीर गेली, एवढ्यावर निभावले. पण किल्लारीच्या बाजूला मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदाची जड माती माणसांवर कोसळली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणात काढल्या. वडिलांनी मजूर लावून माळवदाची सगळी माती खाली ओढली आणि वर पत्रे घातले. माडी तेवढी राहिली. वडील गेल्यावर धाकट्याने शेजारी पक्की खोली बांधली, वाडा रिकामा झाला आणि त्या जुन्या चिरेची भिंत गल्लीच्या बाजूला पोट काढू लागली. पावसाळ्याआधी वाडा उतरवायचा, हे ठरलेच होते.

मी धाकट्याला फोन केला. "माडीच्या फळ्या मला पाहिजेत. तू म्हणशील तेव्हा घेऊन जातो."

पलीकडे काही वेळ शांतता. मग तो म्हणाला, "दादा, लाकडाचा सौदा झालाय. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला. सगळ्याचे मिळून अडीच लाख म्हणतोय. फळ्या काढून घेतल्या तर बाकीचं तो निम्म्यात मागंल. फळ्यांसाठीच तर तो येतोय."

"अरे, आजोबांच्या हातच्या फळ्या विकायच्या?"

"तुला लिहायच्या खोलीला पाहिजेत," तो शांतपणे म्हणाला, "मला पोरीच्या फीला पाहिजेत."

पुतणी नांदेडला नर्सिंग शिकते. मी काहीतरी बोललो, तोही बोलला. आजोबा, वडील, कोणी गावात राहून काय सोसले आणि कोणी शहरात जाऊन काय मिळवले, असे सगळे जुने हिशेब दोन मिनिटांत निघाले. घरातल्या जमिनीवरून भांडणे होत नाहीत, हा माझा समज त्या दोन मिनिटांत संपला. फोन ठेवला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती एवढेच म्हणाली, "वाडा उतरवतील त्या दिवशी मला गावाला ने."

चैत्रात वाडा उतरवला. मी, आई आणि मिस्त्री सकाळीच पोचलो. अंगणात फळ्यांची चवड लागली होती. सत्तर वर्षांच्या धुराने आणि धुळीने सगळ्या एकसारख्या काळ्या दिसत होत्या. भिंतीत शिरलेली टोके ओलीने कुजली होती. खिळ्यांभोवती शाई सांडल्यासारखे डाग होते. मिस्त्री एकेक फळी वाकसाने खरवडून पाहू लागले. भाऊ बाजूला उभा होता. आमचे बोलणे होत नव्हते.

आई ओट्यावर बसली होती. काही वेळाने ती उठली, चवडीजवळ आली आणि वाकून एका फळीवर तळहात फिरवू लागली.

"ही आंब्याची," ती म्हणाली.

मिस्त्रींनी वर पाहिले. "कशावरून, आक्का?"

"ही तेल लई पिते. बाकीच्यांना एक बोळा, हिला तीन."

मिस्त्रींनी खरवडले. खाली फिकट लाकूड आणि किड्याची बारीक छिद्रे! आईने तशीच आणखी एक काढून दिली. मग तिने हकिकत सांगितली. ती बहात्तर साली लग्न होऊन या घरात आली. दुष्काळाचे वर्ष. त्या वर्षी माडीच्या दोन फळ्या बदलायच्या होत्या. सागवान आणायला पैसा कुठला? परड्यातला आंबा पाण्यावाचून वाळला होता, तोच कापून आजोबांनी फळ्या बसवल्या. या गोष्टीचा मला पत्ताही नव्हता.

"दर दिवाळीच्या आधी तेल लावायची मी," आई म्हणाली. "जवसाचं. जवस नसलं तर करडईचं. एकदा भुईमुगाचं लावलं, तर महिनाभर चिकट! सासऱ्यांचं धोतर खराब झालं, लई बोलले."

मिस्त्री मान हलवत राहिले. जवसाचे तेल हवा खाऊन सुकते आणि लाकडावर त्याची पातळ साय धरते. करडईचे जरा उशिरा सुकते. भुईमुगाचे सुकतच नाही. त्यांना हे धंद्याने कळले होते, आईला गुडघ्यांवर बसून कळले होते.

मी म्हणालो, "माडीवर हवा किती छान यायची ना! उन्हाळ्यात तूसुद्धा झोपत असशील वर."

आईने माझ्याकडे पाहिले. "मी? मी झाडायला जायची, तेल लावायला जायची, चहा द्यायला जायची. बसायला कशाला जाईन? आधी सासरे होते, मग पाहुणे होते. मग तुझे बाबा आजारी होते. माडी काय बायकांची असते?" आणि थोडे थांबून म्हणाली, "मला माडी खालूनच ठाऊक. चुलीपुढे बसलं की वर फळ्याच दिसायच्या. ती जिन्याजवळची वाजली की पोटात धस्स व्हायचं. किती वेळा वाजली ते मोजायचं आणि तेवढ्या माणसांच्या भाकरी वाढवायच्या. कधी रात्री दहाला वाजायची."

गावाकडच्या बायकांच्या जीवनावर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांतल्या एकीबद्दल 'स्त्रीमनाचा सूक्ष्म वेध' असे कोणीसे लिहिले होते. ते कात्रण मी जपून ठेवले आहे. त्या अंगणात उभा असताना मला ते कात्रण आठवले आणि कोणी पाहिले नाही ना, म्हणून मी इकडेतिकडे पाहिले. माझी जमीन ती तिचे छत होते. जो आवाज ऐकून मी अंथरुणात सुखाने कूस बदलत होतो, तोच ऐकून खाली माझी आई पुन्हा चूल पेटवत होती.

"आई," मी म्हणालो, "या फळ्या वरच्या खोलीत नाही घालत. तुझ्या खोलीत घालतो."

तिला आनंद होईल, निदान डोळ्यांत पाणी येईल, अशी माझी अपेक्षा होती. आई म्हणाली, "आणि तेल कोण लावणार?"

सौ.चे वाक्य मला आठवले. दुकानात मी दर विचारला होता, जाडी विचारली होती, किती वर्षे टिकेल हे विचारले होते. पुसणारे गुडघे कोणाचे, हे विचारले नव्हते. दोन बायकांनी दोन ठिकाणी, एकमेकींना न विचारता, तोच प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

"मी लावीन," मी म्हणालो.

"तू?" आई हसली. धाकटाही हसला, त्या दिवशी पहिल्यांदाच. म्हणाला, "आईच्या खोलीला घालतोस तर ने बाबा. आता पैशाचं काय बोलायचं?"

"बोलायचं," आई म्हणाली. "पोरीची फी भरायची आहे. व्यापारी देतो ते तू देशील. घरातलं म्हणून कमी नाही."

असा निकाल झाला. तुळया आणि खांब व्यापाऱ्याने नेले. फळ्यांमुळे जे कमी पडले, त्यासाठी माझ्या लिहिण्याच्या खोलीच्या जमिनीला बाजूला ठेवलेले पैसे धाकट्याकडे गेले. माझ्या खोलीत शहाबादी आली. तिच्यावर बसूनच हे लिहीत आहे. लेखणी काही अडलेली नाही.

छत्तीस फळ्यांतून कुजलेली टोके कापून, पांढऱ्या कडा काढून, आंब्याच्या दोन वगळून बावीस चांगल्या निघाल्या. आईच्या दहा बाय बाराच्या खोलीला सात इंच रुंदीच्या एकवीस लागत होत्या. बाविसावी धाकट्याने देवघराला घेतली. रंध्याचा पहिला हात फिरला तेव्हा त्या काळ्या लाकडातून मधासारखा रंग निघाला आणि सागवानाचा वास सुटला. सत्तर वर्षे तो आत तसाच होता.

तळमजल्यावर लाकूड घालणे सोपे नसते. परभणीची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खालून ओल वर पाठवते. मिस्त्रींनी आईच्या खोलीची पातळी आधीच खाली धरली, म्हणजे तिला उंबऱ्याशी पाय उचलावा लागू नये. काळी माती काढून मुरूम भरला, काँक्रीट केले, ते वाळायला दोन महिने दिले, वर जाड प्लॅस्टिक अंथरले. मग सागवानी पट्ट्या आडव्या टाकून त्यांवर फळ्या बसवल्या, आणि खालच्या पोकळीत वारा खेळावा म्हणून भिंतीत दोन बारीक जाळ्या ठेवल्या. काम चालू असताना मिस्त्री म्हणाले, "ती वाजणारी फळी सापडली बरं का. खिळ्याचं भोक मोठं झालंय, फळी खिळ्याला घासते म्हणून आवाज. ठेवू का तशीच? आठवण राहील."

मी 'ठेवा' म्हणणार होतो. आई मागेच उभी होती. "तिला आधी घट्ट करा," ती म्हणाली. मिस्त्रींनी चार स्क्रू पिळले. मी गप्प राहिलो.

वास्तुशांतीच्या आधी तेल लावायचे होते. जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून पातळ तीन हात, दोन हातांच्या मध्ये दोन-तीन दिवसांची विश्रांती. मिस्त्रींनी बजावले होते, की तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. जवसाचे तेल सुकताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेतो. चिंध्या उन्हात पसरून वाळवायच्या. आईने हे ऐकले आणि म्हणाली, "मी तर त्या चुलीत घालायची."

मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बसलो. आई दारात खुर्ची घेऊन बसली. चौथ्या फळीपाशी माझे गुडघे बोलू लागले. सातव्या फळीला कंबर बोलू लागली.

"रेघेच्या बाजूनं पूस. आडवं नको."

"बरं."

"एवढं तेल नको ओतू. पिईल तेवढंच द्यायचं."

"बरं."

"कोपरा राहिला."

एकविसाव्या फळीशी पोचायला मला सारा दिवस लागला. उठताना मी दाराच्या चौकटीला धरले. आई काही बोलली नाही. तिचे गुडघे डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्यांनी विचारले होते, 'आजी, फार काम केलंत का?' आणि तिने उत्तर दिले होते, 'नाही हो, घरातलंच.' माडीवर छत्तीस फळ्या होत्या आणि दिवाळ्या चाळिसांहून अधिक.

आता दुपारची जेवणे झाली की आई खोलीच्या मधोमध, पाय लांब करून, फळ्यांवर बसते. पलंग आहे, खुर्ची आहे. पण ती खालीच बसते. कधी वाती वळते, कधी नुसतीच बसते. मिस्त्रींनी सांगितले होते तसेच झाले. श्रावणात फळ्या एकमेकींना भिडल्या; पाऊस ओसरल्यावर केसाएवढ्या फटी पुन्हा दिसू लागल्या. मुलीने त्यांत एक सुई घालवली, तिचा शोध चालू आहे. घर पाहायला येणारे लोक अजून आधी वरच पाहतात.

दिवाळी जवळ आली. जवसाच्या तेलाची बाटली मी आणून ठेवली आहे. सौ.ने माझी दोन जुनी धोतरे फाडून चिंध्या केल्या आहेत. काल आईने विचारले, "तुझी शाळेची सुट्टी कधीपासून?"

मी तारीख सांगितली.

"मग पहिल्याच दिवशी लाव," ती म्हणाली. "आणि या वेळी दाराच्या कोपऱ्यापासून सुरुवात कर."